जादा चिठ्ठी

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळी खूण दिसते, पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. केमच्या रेल्वे क्वार्टरचा पत्ता आईने दिला. देताना म्हणाली, "ती उत्तर देणार नाही, पण फाडणारही नाही." तेवढ्यावर लिहायला बसले आहे.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे तुला श्रीशैल दाजींकडून कळलं असेल किंवा नसेल. सात रस्त्याजवळ एका खोलीत राहते, वर्गातल्या दोघी सोबत आहेत. या सत्रात आम्हाला शाळेत पाठवलंय. नुसतं शिकवायचं नाही, आपण कसं शिकवतो त्याचाच अभ्यास करायचा. त्याला कृतिसंशोधन म्हणतात. तुझ्या वेळीही होतं म्हणे, पण तेव्हा फाईल भरली की झालं. आमचे शिवलिंगप्पा सर तसं चालू देत नाहीत.

मला मिळालेली शाळा तुझी आहे.

कॉलेजने यादी लावली, त्यात नाव तिथे आलं. माझ्या हातात काही नव्हतं.

सातवी ब. वरच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग. पटावर एक्केचाळीस मुलं. भिंतीपलीकडे माग चालतात, त्यांची खटखट दिवसभर. पहिल्या दिवशी मला माझाच आवाज ऐकू येईना. दुसऱ्या दिवसापासून खटखट ऐकू येईनाशी झाली.

केराबाई अजून आहेत. मला बघून झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. "म्हानंदा बाईंची धाकटी का तुमी?" मी हो म्हटलं. "बाई बऱ्या हायेत न्हवं?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. दुसरं काय सांगणार होते?

माझा प्रयोग साधा आहे. रोज सकाळी प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी द्यायची. आज कसं वाटतंय ते तिच्यावर लिहायचं, किंवा हसरा, साधा, रडका यांतला एक चेहरा काढायचा. नाव घालायचं नाही. दारामागे शाळेची तक्रारपेटी आहे, कुलूपवाली. तिच्यात आजवर कुणी काही टाकलेलं नाही. त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. किल्ली माझ्याकडे. मुलांच्या मनात काय आहे ते कळलं तर माझ्या शिकवण्यात काय बदलतं, ते मला बघायचंय.

एवढंच सांगायचं होतं. तब्येत जप.

धनलक्ष्मी


१२ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर येणार नाही हे धरूनच दुसरं पत्र लिहिते आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस मुलं हजर होती. चिठ्ठ्या बेचाळीस निघाल्या. कुणी दोन टाकल्या असतील असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तीन मुलं गैरहजर, म्हणजे अडतीस हव्यात. निघाल्या एकोणचाळीस. मग रोजच. जितकी हजेरी, त्याहून एक जास्त.

जादा कोणती ते ओळखायला वेळ लागला नाही. बाकीच्यांवर चेहरे असतात. "आईने डब्यात भेंडी दिली", "गणिताची भीती वाटते", "मॅडम छान आहेत" (हे बहुतेक मला खूश करायला). एकीवर चेहरा नसतो. पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात, रोज तेच चार शब्द असतात.

"बाई, माझं डोकं दुखतंय."

या वर्गात मला कुणी बाई म्हणत नाही. सगळे मॅडम म्हणतात.

मी वर्गात विचारलं, कुणाचं डोकं दुखतं का रे रोज? कुणी हात वर केला नाही. मी सगळ्यांच्या वह्या तपासायच्या निमित्ताने घरी नेल्या. ते अक्षर एकाही वहीत नाही.

अक्का, मी चिठ्ठ्यांना नंबर घातले. एक ते एक्केचाळीस, कोपऱ्यात, लाल पेनाने. हजेरीच्या क्रमाने मोजून वाटल्या. परत एक्केचाळीस नंबरांच्या आल्या आणि एक बिननंबराची. कागद तोच, माझ्याच वहीतला.

शिवलिंगप्पा सरांना सांगितलं तर म्हणाले, मोजण्यात चूक असेल, नाहीतर कुणीतरी खोडी काढतंय. तक्त्यात बसत नसेल ती नोंद वगळा. मी वगळली. तीन-चार दिवस ती चिठ्ठी निघाली की फाडून टाकत होते. आज फाडली नाही. हात पुढे झाला नाही.

ऋतुजासुद्धा हेच म्हणाली होती ना तुला? तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, याच वर्गात, चाचणी चालू असताना. तू म्हणालीस, पेपर संपव, मग बघू. संध्याकाळी ती घरी बेशुद्ध पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूज्वर. तुझ्यावर कुणी कारवाई केली नाही, तूच राजीनामा दिलास.

हे तुला आठवण करून द्यायला लिहीत नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आत्ताची मुलं तेव्हा दुसऱ्या शाळेत चौथीत होती, त्यांनीही नाही. मग हे शब्द कोण लिहितंय?

धना


२० फेब्रुवारी

अक्का,

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. यादीत माझं नाव वेगळ्या शाळेत होतं, नवी पेठेजवळच्या. मी सरांना भेटून बदलून घेतलं. जवळ पडेल असं कारण दिलं. ते खरं नव्हतं. ही शाळा खोलीपासून लांब आहे.

का बदलून घेतलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

काल सुट्टी होती. परवाची गोष्ट सांगते. मुलं खाली परिपाठाला गेली होती. अलीकडे मी आधी वर येते, पेटी उघडून ती रिकामी आहे ना ते बघते, कुलूप घालते आणि मगच खाली जाते. परवा पेटी रिकामी होती. आतून हात फिरवून बघितलं. कुलूप लावलं. आणि वीज गेली.

वीज गेली की माग थांबतात. सगळे एकदम. अक्का, तू त्या वर्गात सहा वर्षं शिकवलंस, तुला ती शांतता माहीत असेल. खालून प्रार्थना येत होती, पण खूप लांबून आल्यासारखी. आणि वर्गात कुणीतरी लिहीत होतं. पेन्सिलीचा आवाज. कागदाखाली लाकूड असलं की येतो तसा, खरखरीत. थांबत, परत सुरू होत. एखादं कच्चं पोर लिहितं तसा.

मी हलले नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. वीज आली, माग सुरू झाले, तेव्हा मी खिडकीशी तिसऱ्या बाकाजवळ उभी होते. दाराजवळून तिथे कधी आले ते मला आठवत नाही.

मुलं वर आली. त्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या आधी मी पेटी उघडली. आत एक चिठ्ठी होती. तेच चार शब्द.

केराबाईंना विचारलं, ऋतुजा कुठे बसायची? त्यांनी आधी माझ्याकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "खिडकीपाशी, तिसऱ्या बाकावर. लई गुणी पोरगी. बाई, तुमी कशाला इचारताय? झालं गेलं." थोड्या वेळाने परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमी रोज सकाळच्या तितं बसता म्हनून वाटलं, कुणी सांगितलं आसंल."

मी म्हटलं, मी कुठे बसते?

"तितंच की. पोरं खाली गेल्यावर. म्या झाडाया येते तवा बघते की. मान खाली घालून बसलेल्या आसता."

मी त्या बाकावर कधी बसलेले नाही, अक्का. मला तरी तसं वाटतं.

धना


२८ फेब्रुवारी, सिव्हिल हॉस्पिटल

अक्का,

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

आज पेटी मधल्या सुट्टीत उघडली. एक्केचाळीस हजर, बेचाळीस चिठ्ठ्या. जादा चिठ्ठीत आज एक शब्द वेगळा होता.

"बाई, तिचं डोकं दुखतंय."

मी दोनदा वाचलं. 'माझं' नाही, 'तिचं'. मी शिक्षकखोलीत उभी होते, हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवला ते आठवत नाही. धावत वर आले आणि मुलांना आत बोलावलं.

"कुणाला बरं वाटत नाहीये?" मुलं एकमेकांकडे बघू लागली. "कुणाला ताप आहे? डोकं दुखतंय?" नाही, मॅडम. बाकीच्या चिठ्ठ्या मी परत चाळल्या. चेहरे जवळजवळ सगळे हसरे.

ऋतुजा गेल्यावर मी मेंदूज्वराबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. का वाचलं ते नंतर सांगेन. त्यात होतं की मान आखडते, हनुवटी छातीला लागत नाही. मी मुलांना म्हटलं, आपण एक खेळ खेळू. ताठ बसा, आणि मी टाळी वाजवली की हनुवटी छातीला टेकवा.

टाळी वाजवली. चाळीस डोकी खाली गेली.

एक तसंच ताठ राहिलं. पहिल्या बाकावर, माझ्या अगदी समोर. सोनाली. माझ्याकडे बघून ती हसत होती.

"सोनाली, मान खाली कर बाळा."

"होत न्हाय मॅडम." अजून हसतच होती. "सकाळपास्नं होत न्हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी रागावताल म्हणून."

मी तिच्यावर कधी रागावलेले नाही. कपाळाला हात लावला तर तापलेला तवा. हातातल्या चिठ्ठ्यांत बघितलं, तिची चौदा नंबरची चिठ्ठी होती. तिच्यावर तिने हसरा चेहरा काढला होता, दात दाखवून.

मुख्याध्यापक म्हणाले, आधी घरच्यांना फोन करा, ते येतील, मग बघू. मी थांबले नाही. केराबाईंनी तिला उचललं आणि आम्ही रिक्षाने इथे आलो. रिक्षातच तिला उलटी झाली. सात रस्त्याच्या गर्दीत केराबाई रिक्षातून अर्ध्या बाहेर वाकून ओरडत होत्या, "सरका की वो, पोरगी हाय आत!"

डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला सूज आहे. म्हणाले, औषधं चालू केली आहेत, चोवीस तास बघायला लागतील, पण वेळेत आणलंत. मग विचारलं, तुम्हाला कसं ओळखू आलं? मी म्हटलं, तिची मान वाकत नव्हती. पुढचं सांगितलं नाही.

तिची आई आता आत आहे. मी इथेच थांबते आहे.

धना


५ मार्च

अक्का,

सोनाली शुद्धीवर आहे, बोलते आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, ते कदाचित तसंच राहील.

त्या दिवसापासून जादा चिठ्ठी आलेली नाही. जितकी मुलं, तितक्याच चिठ्ठ्या. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट आता रोज पेटी उघडायच्या आधी मी मुलं दोनदा मोजते.

नंतर सांगेन म्हटलं होतं ते आज सांगते. हे सांगायलाच मी पहिलं पत्र लिहायला घेतलं होतं आणि चार पत्रं टाळलं.

ऋतुजाच्या चाचणीच्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला फोन केला होतास. आपण रोज त्याच वेळेला बोलायचो. मी नवी पेठेत होते, ड्रेसचं कापड बघत होते, दुकानात गर्दी होती. तू म्हणालीस, "धना, एका पोरीचं डोकं दुखतंय. रडत नाही, नुसती बसलीय. मला बरं दिसत नाही. घरी पाठवू का? पण पुढच्या तासाला चाचणी आहे."

मी म्हणाले, "अक्का, रोज कुणाचं ना कुणाचं दुखतं. पेपर चुकवायचा असेल. बसव तिला."

तू म्हणालीस, "असं म्हणतेस?" आणि फोन ठेवलास.

चौथ्या दिवशी तिचे वडील गावाला आपल्या घरी आले. ओरडले नाहीत, नुसते उंबऱ्यात बसून राहिले. ते गेल्यावर अप्पा तुला बोलले. काका बोलले. आणि मी दारात उभी होते, मी म्हणाले, "अक्का, तुला दिसलं कसं नाही?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू सगळ्यांसमोर फोनचं सांगणार. तू काहीच बोलली नाहीस. आत गेलीस, बॅग भरलीस आणि केमला दाजींकडे निघून गेलीस. मी तेव्हाही बोलले नाही. तीन वर्षं घरात तुझा विषय निघाला की मी मान हलवत राहिले.

काल अप्पांना आणि आईला फोन करून हे सांगितलं. अप्पांनी फोन आईकडे दिला. आई रडली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत, न फाडलेल्या सगळ्या. तुला दाखवायच्या आहेत. तिचं अक्षर तूच ओळखशील.

धना


१८ मार्च

अक्का,

तुझ्या कार्डावर दोनच शब्द होते, "रविवारी ये". मी आले, परवा परतले. तरी हे पत्र लिहिते, कारण समोर असताना मला अर्धंसुद्धा बोलता आलं नाही.

गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनाबाहेरून कुंकवाच्या कामावरच्या बाया चालल्या होत्या, मनगटापर्यंत लाल हात. मी क्षणभर थबकले. मग एकीने हसून विचारलं, "कुणाकडं आलाय, पोरी?" आणि दाजींच्या क्वार्टरपर्यंत स्वतः आली.

तू बारीक झाली आहेस. हे मी तिथे म्हणाले नाही. तू पाणी दिलंस, गाडीला गर्दी होती का विचारलंस. मग हात पुढे केलास, "दाखव."

तू त्या चिठ्ठ्या पलंगावर ओळीने मांडल्यास. कपाटातून ऋतुजाचा चाचणीचा पेपर काढलास. तो तू ठेवला असशील असं मला वाटलं नव्हतं. अर्धाच लिहिलेला, चौथ्या प्रश्नाला थांबलेला. अक्षर गोल, सुबक, शाईचं. चिठ्ठ्यांशी त्याचं काहीच जुळत नव्हतं.

"हे तिचं नाही," तू म्हणालीस.

"मग कुणाचं?"

तू एक चिठ्ठी उचलून उजेडात धरलीस. नंतर बोललीस ते माझ्याकडे न बघता. "तुला आठवत नाही. तू साडेपाच वर्षांची होतीस. डाव्या हाताने लिहायचीस. अप्पांना ते चालायचं नाही, त्यांनी पट्टीने मारून उजव्यावर आणलं. तुझा अभ्यास मी घ्यायचे. हा 'ड' असा उलटा वळलेला मी हजार वेळा खोडलाय. धना, हे तुझं अक्षर आहे."

मी म्हटलं, नाही. तू पेन्सिल आणलीस. माझ्या डाव्या हातात दिलीस आणि कागद पुढे सरकवलास. मी म्हटलं, मला डाव्याने लिहिताच येत नाही. तू म्हणालीस, "लिही."

हात लिहायला लागला. तोच खरखरीत आवाज. चार शब्द होईपर्यंत तो थांबला नाही, आणि मी फक्त बघत होते.

अजूनही मला ते बाक आठवत नाही. कुलूप उघडून चिठ्ठी टाकलेली आठवत नाही. केराबाईंनी मला रोज पाहिलं, मी मला एकदाही पाहिलं नाही. याचीच भीती जास्त वाटते. भूत असतं तर मी वर्ग बदलून घेतला असता.

सोनालीचं कसं कळलं, हे मी तुला विचारलं. तू विचारलंस, त्या सकाळी ती कुठे होती? त्या दिवशी मी आधी परिपाठाला गेले आणि मुलांच्या आधी वर आले; परिपाठाला ती माझ्या पुढेच उभी होती, मी म्हणाले. सगळ्यांनी नमस्काराला मान वाकवली, आणि ती... तिथे मी थांबले. तू मान हलवलीस. "तुझ्या हाताला आधी कळलं," म्हणालीस, "तुला नंतर."

अहवाल आज दिला. शिवलिंगप्पा सरांनी तक्ता बघितला आणि शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मी लिहिलं होतं, जादा चिठ्ठ्या संशोधिकेच्याच हस्ताक्षरात आहेत आणि त्या लिहिल्याचं तिला स्मरण नाही. सर म्हणाले, "हे लिहायलाच हवं का? गुण जातील." मी म्हटलं, सर, माझ्याच वर्गाचा अभ्यास होता, मला वगळून कसा देऊ? त्यांनी सही केली. मग सिव्हिलमधल्या एका डॉक्टरबाईंचं नाव कागदावर लिहून दिलं. म्हणाले, "मनाच्या डॉक्टर आहेत. मुलांसाठी पेटी ठेवलीत, आता स्वतःसाठी जा." गुरुवारी जाणार आहे.

सोनाली सोमवारपासून शाळेत येते आहे. तिला माझ्या डाव्या बाजूला बसवलंय, म्हणजे चांगला कान माझ्याकडे राहतो.

आता जे तिथे बोलता आलं नाही ते.

मी माफी मागितली तेव्हा तू भांडी लावत होतीस. तू म्हणालीस, "फोनवर बोललीस ते सोड. वर्ग माझा होता, पोरगी माझ्या समोर होती, ठरवलं मी. पण दारात बोललीस ते मी विसरणार नाही. माफ केलं असं उगीच म्हणायला मला जमणार नाही."

मी बरं म्हटलं. गाडीला तासभर होता, तरी मी चपला घातल्या.

दिवसभर तू माझ्याशी मराठीत बोललीस, अक्का. शुद्ध, परक्याशी बोलावं तशी. लहानपणापासून आपण दोघींनी आपसात कन्नड सोडून काही बोललेलं मला आठवत नाही. मी उंबऱ्यापाशी गेले, तेव्हा तू आतून हाक मारलीस. भाकरी तव्यावर होती, पाठ माझ्याकडे होती.

"धना, ऊटा माडि होगु."

जेवून जा.

मी चपला काढल्या.

धना